बाहेरून लावलेली कडी

चंपत,

माह्या खोलीले तू हातानं दार बनवलं. तुह्या बाबाच्या मोडक्या बैलबंडीच्या फळ्या रंधा मारून चांगल्या गुळगुळीत केल्या. थंडी लागते म्हनून दार बसवून राह्यलो म्हनलास. मंग कडी बाहेरून काऊन लावली? आतून तं साधा खिळाबी नाई.

मी द्वारकेले इचारलं. तुही बायको चुलीकडे पाहतच बोलली, "आत्याबाई, तुमी वाट चुकता." मी एकदाच नाल्यापलीकडे गेली होती, तेबी कपिलीले शोधाले. तं म्हने कपिली गाय पोळ्याच्या आधीच बेला गावच्या मानसाले विकली, तुमी सोताच तिले कुंकू लावलं. माह्या हातानं वाढवलेली गाय मी विकू देईन का? तुमी दोघं माह्यापासून काईतरी लपवून राह्यले.

कडी मी पेचकसानं काढली. कडी माह्या कमरेच्या बटव्यात हाये. आतून लावशील, तवाच देईन. पेचकस तुह्या पेटीत ठेवला.

नाल्याकडे जाऊन येतो. कपिली अजून घरी आली नाई. तिच्यासाठी पानी काढून ठेव.

तुही माय