कानाने ओळखलेला डबा

१४ मार्च, शुक्रवार, दुपार

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा हवापाण्यावरच उरकलं. इकडे सगळं बरं आहे. हिचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे. मला निवृत्तीला पाच महिने राहिले.

गेल्या आठवड्यात भुयारी गाडीचे शेवटचे जुने डबे भंगारात काढले. नवीन नोकरीत असताना मी तुला स्टेशनवर उभं करून डबे ओळखायला शिकवायचो, आठवतं? सुटताना खट-खट करत वेग घेते ती ‘म्हातारी’. तीन सुरांत चढत जाते ती ‘शिट्टी’. आवाजच न करता निघते ती ‘मुकी’. तू वैतागायचीस. "वेळेवर आली की झालं, तिची जात कशाला विचारायची?" डेपोत मात्र मला सगळे ‘कान’ म्हणायचे. डोळे मिटून डबा ओळखायचो आणि पैजेचा चहा प्यायचो. त्याचा फार माज होता मला.

तू लिहिलंस की लेकीने भावोजींचा फोटो भिंतीवरून उतरवला. ‘डोळे झाकून काम केलं आणि एका बाईचा हात घालवला, त्यांच्याकडे रोज काय बघायचं,’ असं म्हणाली, आणि तूही तिला अडवलं नाहीस. एवढं वाचून मी पत्र घडी करून खिशात घातलं. दोन दिवस तो शर्ट धुवायला टाकला नाही.

ताई, फोटो परत लाव.

बारा वर्षांपूर्वीची ती सकाळ. दाराचा स्विच बिघडलेला एक डबा शेडमध्ये आला. दार पुरतं मिटलं की हा स्विच चालकाला तसं कळवतो, मगच गाडी सुटते. म्हातारीचा स्विच वेगळा, शिट्टीचा वेगळा. शिट्टीचा म्हातारीत बसतो खरा, पण फट राहिली तरी ‘बंद’ सांगतो. बाहेरून दोन्ही डबे एकाच रंगाचे. भावोजी पाना घेऊन उभे होते, मी पलीकडच्या रुळावर.

"अरे कान, ही कोणती?"

डबा आत येताना मी तीन सूर ऐकले होते. मी मानही वर केली नाही. "शिट्टी."

"पाटीवरचा नंबर बघून येतो."

"भावोजी, माझा कान कधी चुकलाय?"

आजूबाजूचे चौघे हसले. तेही हसले आणि त्यांनी स्विच बसवला.

त्या वर्षी काही म्हाताऱ्यांना शिट्टीची मोटर बसवली होती. आवाज नवा, दारं जुनी. तशी सूचना फळ्यावर लावलेली होती. मी ती वाचली नव्हती. मला कशाला वाचायला हवी!

तीन दिवसांनी एका शिक्षिकेचा हात त्या दारात अडकला. चालकाला दार बंद दिसलं, त्याने गाडी सोडली. पुढचं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की ती बाई डावखुरी होती आणि गेला तो डावाच हात.

चौकशीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. साहेबांनी विचारलं, "डबा कोणी ओळखला?" भावोजी म्हणाले, "मीच." हसलेल्या चौघांपैकी कोणी तोंड उघडलं नाही, आणि मीही उठलो नाही. ते बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, "मी आत जाऊन सांगतो." ते म्हणाले, "कागदावर सही माझी आहे. एक घर बसलं तर बसलं, दोन कशाला?" मला तेवढंच ऐकायचं होतं. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग शिक्षा म्हणून त्यांना पहाऱ्यावर टाकलं, ते गोदामाच्या दारावर स्टुलावर बसायला लागले. तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "डोळे कुठे होते तुमचे? जरा माझ्या भावाकडून शिकला असता तर!" मी तुझ्याच घरी जेवत असायचो. ते खाली बघत घास मोडायचे आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवायचे. अकरा वर्षं, ताई. एकदाही माझ्याकडे रोखून बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी दवाखान्यात, तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा, मी म्हणालो, "आता तरी ताईला सांगतो." त्यांना धाप लागत होती. म्हणाले, "तिचा नवरा तर चाललाच. भाऊ तरी राहू दे तिला."

म्हणून गप्प राहिलो, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मी भ्यालो म्हणून गप्प राहिलो, आणि त्यांनी मला त्यासाठी एक चांगलं कारण देऊन ठेवलं.

तुझं पत्र आल्यावर बुधवारी मोठ्या साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. हे साहेब नवे आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काका, दहा वर्षं झाली की फाइल नष्ट करतात. तो डबाही आता नाही. कशाच्या आधारावर बदलू?" मी म्हणालो, निदान माझ्यावर कारवाई करा. ते म्हणाले, "पाच महिने राहिलेत ना? घरी आराम करा." माझा कागद त्यांनी दुमडून मलाच परत दिला. तो या पाकिटात घातला आहे. त्याचा कुठेच उपयोग नाही. लेकीला दाखव. ती मानेल की नाही, सांगता येत नाही. बारा वर्षं शाळेत, शेजारात तिने जे ऐकलं, ते एका कागदाने पुसलं जाणार नाही.

ताई, तू भावोजींना जे जे बोललीस, ते सगळं माझं होतं. ते आता परतही घेता येत नाही तुला, आणि तेही मीच केलं. क्षमा मागायची तर त्यांच्याकडे, ते नाहीत. तुझ्याकडे मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तेवढा भार तरी तुझ्यावर नको.

दर महिन्याला येतो तसा या महिन्यात येणार नाही. तू ‘ये’ म्हणू नकोस.

खाली ‘तुझा’ असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

धाकटा