टोबियसला सांगायचं राहिलेलं

आयोवा, १४ एप्रिल १९८७

प्रिय आई,

मी इथे खुशाल आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो. बाबांची कंबर आता कशी आहे?

नेतृत्वाची शिष्यवृत्ती मला मिळाली, हे तू चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं असशील. आई, ती मी घेतली नाही. आधी सगळं वाच, मग रागाव.

आमच्या फ्रॅटर्निटीत, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या मंडळात, नव्या मुलांना थंडीत नदीत उतरवायची रीत होती. यंदा अध्यक्ष झाल्यावर मी ती बंद केली, म्हणून हा सन्मान. पण गेल्या वर्षी टोबियस नावाच्या नव्या मुलाला पाण्यात उतरवलं, तेव्हा मी काठावर उभा राहून हसत होतो. त्याला न्यूमोनिया झाला आणि तो कॉलेज सोडून गेला.

समारंभात माझं नाव पुकारलं, तेव्हा मी उठून हेच सांगितलं आणि शिष्यवृत्ती नको म्हणालो. शेजारचा कर्टिस पुटपुटला, "गप बस की! सगळ्यांना अडकवशील."

शिष्यवृत्ती समितीचे म्हातारे हॅलकसाहेब उठून माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "पोरा, हे त्याला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. म्हणून रविवारी बसने त्याच्या गावी गेलो. तो वडिलांच्या दुकानात धान्याची पोती उचलत होता. अजून त्याला धाप लागते. सगळं ऐकून म्हणाला, "माफ केलं असं म्हणणार नाही मी."

मी पोती उचलू लागलो. त्याने थांबवलं नाही.

फीसाठी उन्हाळ्यात काम धरलंय, तू कामावर जादा पाळ्या घेऊ नकोस. रागाचं का होईना, पण पत्र लिही.

तुझाच,
एल्डन