ओट्याखाली न बघता

शनिवार, १२ जुलै

आई, तू गेल्याला सतरा वर्षं झाली आणि तुला एक ओळ लिहिली नाही, याची आधी माफी मागतो. रोजची वही मी नेमाने लिहितो. तीत पावसाची, पगाराची, माझ्या दुखऱ्या गुडघ्याची नोंद असते, तू नसतेस. तू होतीस तेव्हाही लिहिलं नव्हतंच. पेण आणि रोहा यांच्यात पत्र कोण पाठवतं, रविवारी गाडीत बसलं की झालं. आज दुपारपासून हातातलं काम सुटतंय. चहा गॅसवर ठेवून विसरलो, पातेलं करपलं. दोनदा छत्री घेऊन पुलापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो. एका चार वर्षांच्या मुलीशी मी खोटं बोललो आहे. ते कसं निस्तरायचं हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही.

मी शाळेचा ग्रंथपाल आहे हे तुला ठाऊक आहे. 'पुस्तकांचा राखणदार' म्हणायचीस. पण दोन वर्षांपासून दर शनिवारी मी कुंडलिकेचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावातल्या एका बालवाडीत जातो आणि मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवतो, हे तुला माहीत नाही. गेल्या शनिवारी अंधाराच्या भीतीवरचं पुस्तक नेलं होतं. एक मुलगा, त्याचा पलंग, पलंगाखाली काहीतरी काळं, अंग चोरून बसलेलं. पानापानाला ते मोठं होत जातं. शेवटी मुलगा धीर करून दिवा लावतो, तर खाली नुसती चुरगळलेली गोधडी आणि बापाची चप्पल. पुस्तक निवडताना मी विचार केला नव्हता असं नाही. भीतीचं चित्र समोर आलं की मुलं आपली भीती बोलून टाकतात, असं मी मानत होतो. आणि ती बोललीही. एकाच्या घरी मोरीच्या पाइपातून हात येतो. एकीच्या घरी वरच्या टाकीत कुणीतरी पोहतं. मग बाकीची सगळी, "माझ्याकडं पन, माझ्याकडं पन." बालवाडीच्या बाई दारातून म्हणाल्या, "सर, आज सगळी भुतं आलीत, हजेरी घेऊन टाका." सगळे हसलो. तेवढ्यात पुढे बसलेल्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "लाइट गेली तर?"

पुस्तकात लाइट जात नव्हती. मी म्हणालो, लाइट गेली तरी तिथं काही नसतं. "आमच्या घरी?" तुमच्या घरीही नसतं. "तुमी बघितलं?" बाहेर भरून आलं होतं, मला निघायचं होतं, आणि तिचा चेहरा इतका गंभीर होता की तो लवकर मोकळा व्हावा असं वाटलं. मी म्हणालो, "हो, बघितलं." ही तीन कारणं मी आठवडाभर उलटसुलट करून पाहिली. खरं कारण पहिलं की शेवटचं, हे अजून सांगता येत नाही.

आज सकाळी तिची आई बालवाडीच्या पायरीवर माझी वाट बघत उभी होती. "सर, तुमी कवा आला होता आमच्या घरी?" मला आधी उलगडाच होईना. "पोरगी सगळ्यांना सांगते, सर आमचं घर बघून गेले. हे कंपनीत, रात्रपाळीला. शेजारीण विचारते, कोन गो आला होता? हसून विचारते, पन विचारते." मी पुस्तकाबद्दल सांगू लागलो. ती म्हणाली, "आमच्यात पलंगच नाय, सर. खाली अंथरून निजतो. आता ती म्हनते, पलंग नाय म्हनून ते ओट्याखाली गेलंय, सिलिंडरच्या मागं." मी माफी मागितली, माझा हेतू चांगला होता म्हणालो. "असंल की. तुमी गोष्ट वाचता आनि पुलापलीकडं जाता. सात राती मी बसलेय तिच्या उशाशी. काय नाय तिथं म्हटलं, तर म्हनते, सरांनी बघितलं तवा नव्हतं, मग आलं." मुलगी तिच्यामागे, ओढणीत तोंड घालून, एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. मुलीला घेऊन जाता जाता ती वळली. "उद्या हे घरी हायत. बघितलं म्हनालात ना? मग या आनि बघा." हे चिडून म्हणाली की खरंच बोलावलं, मला ठरवता येत नाही. आज मी पुस्तक पिशवीतून काढलंच नाही. मुलांना चित्रं काढायला दिली आणि तिच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो.

तेव्हापासून पेणजवळचं आपलं हमरापूरचं घर डोळ्यांपुढून हलत नाही. मी पाच-सहा वर्षांचा आहे. गणपतीचा सीझन, म्हणजे माणसांना एक खोली आणि बाकीचं घर मूर्तींचं. मागच्या खोलीत रंग झालेल्या पण डोळे न काढलेल्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं, वर प्लॅस्टिक. दिवेलागणीला रंगाचा डबा आणायला तू मला पाठवतेस आणि मी उंबऱ्यावर अडतो. प्लॅस्टिकमागे काहीतरी श्वास घेतंय. डोळ्यांची आखणी करायला पेणहून येणारा काका मान वर न करता म्हणतो, "काय नाय रं तिथं. वयनी, पोरगा भागूबाई हाय गो तुझा." आणि तू, कोपरापर्यंत पिवळी, त्याला म्हणतेस, "तू बघून आलास? नाय ना? मग न बघता बोलू नको." तो तुझ्यापेक्षा वयानं मोठा, आणि ऐन सीझनला आखणीवाल्याला दुखवणं म्हणजे शंभर मूर्ती आंधळ्या ठेवणं. तरी बोललीस. मग मूर्तींची उंची मोजायची लाल खुणांची काठी उचललीस आणि मला विचारलंस, "किती फुटी हाय?"

आपल्याकडे सगळं फुटांतच. मी म्हणालो, अडीच फुटी. तू बॅटरी घेतलीस, प्लॅस्टिक उचलून एकेक फळी बघितलीस, खालच्या फळीसाठी जमिनीला गुडघे टेकलेस. मी तुझा पदर धरून मागे. उठून म्हणालीस, "अडीच फुटी एकबी नाय. दीडच्या हायत, दोनच्या हायत. आनि यांचे डोळे काढायचेत अजून, यांना तू दिसत पन नाय." इथं काही नाही, असं तू म्हणाली नाहीस. होतं ते मोजून सांगितलंस. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, आज तीन फुटी आहे. तू पुन्हा उठलीस. मग चार. मग पाच. सहा फुटी म्हणालो त्या संध्याकाळी तू काठी टेकून उभी राहिलीस. "सहा फुटी? मग ते दारातून भायेर निघायचं नाय. भिंत फोडावी लागंल. जा, बापाला इचारून ये, फोडू का." मी घाईघाईनं म्हणालो, चारच असेल. आखणीवाला काका हसला आणि एका गणपतीची भुवई वाकडी गेली; ती पुसताना तो तुझ्याच नावानं बडबडत होता. त्याही दिवशी तू आत जाऊन, वाकून बघून आलीस.

म्हणजे नियम मला माहीत होता. घरात शिकवला गेला होता. तरी चाळीस वर्षांनी एक मूल मला तुझाच प्रश्न विचारतं आणि मी न बघता बोलतो, वर बघितलं म्हणतो. आखणीवाल्या काकानं निदान तेवढं केलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. त्यासाठीच बहुधा एवढं लिहिलं. पहिल्या संध्याकाळनंतर मला तिथं काही दिसलं नव्हतं. तीन फुटी, चार फुटी, सगळं मी बनवलं. दिवसभर तू मूर्तींची असायचीस. काठी घेऊन उठलीस की दहा मिनिटं माझी व्हायचीस. तुला ते कळलं होतं की नाही, हे विचारायचं सतरा वर्षांपूर्वीपर्यंत जमलं असतं. मी विचारलं नाही. त्या मुलीलाही रात्रीची आई उशाशी हवी असेल, असं आता म्हणून टाकावंसं वाटतं. पण तसं म्हटलं की माझी सुटका होते, म्हणून त्या विचाराचा मला भरवसा नाही. तिला ओट्याखाली काय दिसतं ते मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही. सगळ्यात आधी, मी त्यांच्या घरी कधी गेलोच नव्हतो हे सांगायला हवं, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हे पान वहीतच राहील. तुझा पत्ता असता तरी कदाचित राहिलं असतं.

उद्या: अष्टमीला जाऊन, सिलिंडर सरकवून, गुडघे टेकून ओट्याखाली बघायचं.