ओळीच्या शेवटचा जादा सूर

मंगळवार, संध्याकाळ

आमचे पुढारी भाऊसाहेब, त्यांचा मेव्हणा आज चहाला येऊन गेला. भाऊसाहेबांनी फोटोपुरत्या आणलेल्या पाण्याच्या टँकरवरचं माझं निनावी गाणं गावभर मोबाइलवर फिरतंय. आवाज मशीनचा, पेटीचे सूर कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर वाजवलेले. कोण ओळखणार, असं वाटलं होतं.

कप ठेवत तो म्हणाला, "मास्तर, आवाज कुणाचा कळंना, पण हात वळखीचा हाय. कपिलधारला भजनात तुमी पेटीवर ओळ संपली की एक सूर जादा मारता न्हवं?"

"ती खोड लई जणांना असती."

"लई न्हाई," म्हणाला, आणि माझ्या करंगळीकडं बघत बसला. चेष्टा होती की ताकीद?

तो गेल्यावर बायकोनं कडी लावली. "दुसरं गाणं टाकू नका."

दुसरं तयारच आहे. स्क्रीनवर करंगळीचा तो जादा सूर दिसतो, प्रत्येक ओळीच्या टोकाला एक हिरवी पट्टी. सगळ्या पुसल्या. ऐकलं. भाऊसाहेबांच्या भाषणासारखं झालं, बिनचूक आणि मेलेलं.

पट्ट्या परत आणल्या. पाठवायचं बटण करंगळीनं दाबलं.