पलीकडची चाळीस घरं

सावरगव्हाण,
दि. ९ जानेवारी २०२३

ती. भिकनदादांस,
रोहिणीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन करून दमले. कानातलं यंत्र कपाटात ठेवून तुम्ही हॅलो हॅलो करता आणि फोन ठेवून देता. शेवटी वहिनी म्हणाल्या, पत्रच लिहा, ते चारदा वाचतील. इथे सगळे बरे आहोत. आपल्या लताताईचं शाळेत खिचडी शिजवणं चालूच आहे. यंदा एकोणीस वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणते, पण घंटेच्या आधी पलीकडच्या वस्तीतून येऊन चूल पेटवलेली असते.

आता कामाचं. मनमाड-मालेगाव रस्ता चौपदरी झाला आणि आपल्या गावाचे दोन तुकडे झाले. इकडे गाव, शाळा, दवाखाना. पलीकडे वस्तीची चाळीस घरं, त्यात ताईचं एक. मधल्या दुभाजकात गावासमोर जो कट सोडलाय, त्यातूनच सगळी ये-जा. त्या कटात दोन वर्षांत तिघं गेली. तिसरा राकेश, आमच्या अंगणवाडीतल्या पायलचा नवरा. मागच्या महिन्यात दुधाचे कॅन लावून मोटारसायकलवर येत होता. मी सरपंच, म्हणून निरोप घेऊन पायलच्या दारात मलाच जावं लागलं. पायल रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, की ताई, ही वाट इथं ठेवायचं कुणी ठरवलं?

तालुक्याला सांगतात, ग्रामपंचायतीनं ठराव करून प्रस्ताव पाठवावा, निधी राज्याकडून येईल. प्रस्ताव कसा लिहितात ते तुम्हाला माहीत. तीस वर्षं रस्त्यांच्या कचेरीत नकाशे काढलेत. बहिणीसाठी एक काढा.

वहिनींना जयभीम. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.
तुमची धाकटी,
रोहिणी


नाशिकरोड,
दि. ३० जानेवारी २०२३

चि. रोहिणीस,
भिकनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा नाही, तीनदा वाचलं. वहिनीला फोनवर तसं सांग. यंत्र कानात घातलं की शेजारच्यांचा टीव्ही ऐकू येतो आणि बायकोचं बोलणंही, त्यामुळे ते कपाटातच सुखी आहे.

मसुदा सोबत जोडला आहे. नकाशा हातानं काढलाय, रेघ थोडी थरथरली, चालवून घे. दोन कामं लिहिली आहेत. एक, कट बंद करणं. दोन, त्याच जागी रस्त्याखालून पायी माणसांसाठी आणि सायकलींसाठी बोगदा. दोन्ही एकाच अंदाजपत्रकात बांधली आहेत. कुणी कितीही सांगितलं तरी ती सुटी करू नकोस. वस्तीतली किती मुलं शाळेत येतात, रोज किती बायामाणसं ओलांडतात, ते सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून आकडे भर. राकेशच्या पंचनाम्याची प्रत जोड. फोटो उजेडात काढ. मागच्या खेपेचा शाळेच्या भिंतीचा फोटो म्हशीचा आला होता.

लताला म्हणावं, गुडघ्यांना एरंडेल लाव. ऐकायची नाही, पण म्हण.

सरपंचबाईंचा थोरला,
भिकन


सावरगव्हाण,
दि. २० नोव्हेंबर २०२३

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

दहा महिन्यांत मी तालुक्याला अकरा वेळा आणि नाशिकला सहा वेळा गेले. परवा मंजुरीचं पत्र आलं. ग्रामसेवकांनी मोठ्यानं वाचलं, टाळ्या झाल्या. मग त्यांनी दुसरं पान वाचलं.

कट बंद करायला, दिवे लावायला आणि पट्टे मारायला निधी मंजूर आहे. बोगदा 'दुसऱ्या टप्प्यात विचाराधीन'. ग्रामपंचायतीची त्याला हरकत नाही असा ठराव आठ दिवसांत द्यायचा, नाहीतर निधी दुसऱ्या तालुक्याला वळेल. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ताई, हातात येतंय ते घ्या, पुढचं पुढच्या वर्षी बघू.

सदस्य म्हणतात घ्या. काल पुन्हा एक टेम्पो त्या कटात उलटला, माणूस वाचला. मला काही सुचत नाही. तुम्ही 'सुटी करू नकोस' म्हणाला होतात. उलट टपाली लिहा.

रोहिणी


नाशिकरोड,
दि. २३ नोव्हेंबर २०२३

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

घे. ठराव दे. पहिला टप्पा जमिनीवर आला की दुसऱ्याची फाइल आपोआप पुढे सरकते. जीव वाचणं आधी. उद्घाटनाचा फोटो पाठव. प्रस्ताव कुणी लिहिला ते कोनशिलेवर लिहीत नाहीत, पण मला माहीत असेल.

भिकन


सावरगव्हाण,
दि. ११ जुलै २०२४

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फेब्रुवारीत कट बंद झाला. आता तिथे छातीएवढी काँक्रीटची भिंत आहे. तेव्हापासून इथे एकही अपघात नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचताना तुम्ही ते विसराल.

पायी माणसानं आता पावणेदोन किलोमीटर खाली वळणापर्यंत जायचं, तिथे रस्ता ओलांडायचा आणि तेवढंच परत यायचं. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. वस्तीतली मोठी पोरं भिंत चढून उड्या मारायची, मी पोलीसपाटलांना उभं केलं, तर पोरांनी मला शिव्या दिल्या. लहान मुलांची नावं आईबापांनी जूनमध्ये काढली आणि त्यांच्या बाजूच्या दुसऱ्या गावच्या शाळेत घातली. आपल्या शाळेत एकावन्न मुलं होती, आता बत्तीस आहेत.

ताई दीड महिना चालत आली. पहाटे निघायची. एक दिवस मुख्याध्यापकांना चुलीपाशी बसलेली सापडली, उठता येईना. तिनं काम सोडलं. मला सांगितलं नाही, मला शाळेतून कळलं. मी वळसा घालून तिच्याकडे गेले, तर म्हणाली, चहा ठेवते, तू लांबून आलीस. दादा, तिनं मला असं पाहुण्यासारखं कधी बोलवलं नव्हतं. मला या गावात सून म्हणून तिनंच आणलं, माझी बाळंतपणं तिनं केली, आणि चहाची बशी धरून मी तिच्यासमोर अवघडून बसले होते.

दुसऱ्या टप्प्याचं स्मरणपत्र मी तीनदा दिलंय. तुमच्या ओळखीचं कुणी उरलं असेल, तर विचारा.

रोहिणी


सावरगव्हाण,
दि. ८ फेब्रुवारी २०२५

ती. दादांस,
जयभीम.

बोगद्याची फाइल परत आली. शेरा जसाच्या तसा लिहिते. 'सदर ठिकाणी मागील कालावधीत अपघाताची नोंद नाही, सबब कामाची निकड दिसून येत नाही.' मी तो कागद कचेरीच्या व्हरांड्यातच दोनदा वाचला. शिपायानं पाणी आणून दिलं.

वस्तीला ते कळलं आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला सगळी माणसं वळसा घालून आली. त्यांची एकच मागणी, कट पुन्हा उघडा, तसा ठराव करा. लताताई उभी राहिली. तिला सभेत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, आमाला भाकरी कमी नाय. आमाला आमचं गाव पायजे. मेल्यावर तरी इकडच्या मातीत आणाल का आमाला, का तवाबी खालून वळवाल?

मग पायल उठली. तिनं आवाज चढवला नाही. उघडायचा तर उघडा, म्हणाली, पण पुढच्या बाईच्या दारात निरोप घेऊन सरपंचांनी स्वतः जायचं.

हात मोजले, तर दोन्हीकडे सारखे. अध्यक्षाचं निर्णायक मत माझं. माझ्या एका बाजूला ताई बसली होती, एका बाजूला पायल. मी कट बंदच ठेवायच्या बाजूनं हात वर केला. ताईनं पदर सावरला आणि ती उठून गेली.

नऊ दिवसांनी ती लेकाकडे, ललितकडे, सिन्नरला निघाली, कायमची. मला शाळेसमोर कुणीतरी सांगितलं. मी रस्त्यावर पळाले, तर ती पलीकडे बसची वाट पाहत उभी, जवळ दोन पिशव्या आणि शिलाईचं मशीन. शंभर पावलांवर. मी हाका मारल्या. मधून ट्रक जात होते. तिनं ऐकलं नाही की ऐकून वळली नाही, ते मला आजही कळत नाही. मला ती भिंत चढायची होती, दादा. मीच तिथे पोलीसपाटील उभे केले होते.

रोहिणी


नाशिकरोड,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस,
अनेक आशीर्वाद.

पाच दिवस तुझं पत्र उशाशी आहे. एक गोष्ट तुला सांगितली पाहिजे.

तीस वर्षांत मी कितीतरी दुसऱ्या टप्प्यांचे नकाशे काढले. त्यातला एकही जमिनीवर आलेला मी पाहिला नाही. म्हणूनच तुला पहिल्या पत्रात कामं सुटी करू नकोस म्हणालो होतो. मग आठ दिवसांच्या मुदतीचं तुझं पत्र आलं, तेव्हाही मला ते माहीत होतं. तरी 'घे' असं लिहिलं. जीव वाचतील हे खरंच होतं. पण त्याच्याही खाली एक होतं. नोकरीभर मी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. माझ्या हातचं एक काम उभं राहिलेलं बघायचं होतं. अर्धं तर अर्धं. फाइल आपोआप सरकते असं मी तुला लिहिलं. फाइल आपोआप कधी सरकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तू हात वर केलास तो चुकला असं मी म्हणणार नाही. पण तो वर करायची वेळ तुझ्यावर माझ्यामुळे आली. लताला लिहायला बसलो होतो, तर 'चि. लतास' याच्या पुढे काही येईना. तिच्याकडे जा. मी यावं असं तिला वाटलं, तर कळव. कानात यंत्र घालून येईन.

भिकन


सावरगव्हाण,
दि. १४ मे २०२५

ती. दादांस,
रोहिणीचा सविनय जयभीम. वि. वि.

परवा बुद्धपौर्णिमेला सिन्नरला जाऊन आले. मधले तीन महिने हिंमत होत नव्हती. ललितनं दार उघडलं आणि बाजूला झाला. ताई खीर ढवळत होती. मी ओट्यापाशी उभी राहूनच तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, दादाला लिही, म्हातारा झाला तरी शहाणा होतोय म्हणावं. आणि या म्हणावं, आंबे संपायच्या आत.

मग माझ्याकडे वळली. म्हणाली, तू हात वर केला ते बरोबर केलं. पायलच्या तोंडाकडं बघून मीबी तेच केलं असतं. मला वाटलं, मिटलं. मी रडायलाच लागले. तिनं खिरीची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, पण रोहे, त्या पहिल्या ठरावावर सही करायच्या आधी तू एकदाबी आमच्याकडं आली नाय. चाळीस घरं व्हती. विचारलं असतं तर आमीच घे म्हनलो असतो, इतकी मान्सं मेलेली. तवा तर रस्ता उघडा व्हता.

वस्तीतली माणसं, मुलं, सायकली, सगळं मी मोजलं होतं. विचारलं कुणालाच नव्हतं.

ती परत येणार नाही, दादा. तिथल्या अंगणवाडीत तिनं काम धरलंय. निघताना तिनं माझ्या पिशवीत लोणचं घातलं, पण पुन्हा कधी येशील असं विचारलं नाही.

बस गावाच्या बाजूला थांबली. मी घरी गेले नाही. वळणापर्यंत चालले, तेवढंच मागे आले आणि वस्तीत शिरले. पहिलं घर सिंधुबाईंचं. ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, सरपंच, आज काय काम काढलं? मी म्हटलं, काम काही नाही, विचारायला आले. आता इचारून काय उपेग, म्हणाल्या. आणि सूप उचलून बाजूला ठेवलं, मला बसायला जागा केली.

वहिनींना जयभीम सांगा. आंब्याला या. पत्र धाडत राहा, एवढीच आशा.
तुमची,
रोहिणी