खळखळून उकळी

४ फेब्रुवारी

मका! चक्क उकडलेल्या मक्याचा वास. बाटली उघडली तसा नाकातच शिरला. एक घोट घेतला, थुंकला. माझ्या हातची पहिली बिअर – सगळी मोरीत. आई – माझ्या सासूबाई – दारात उभ्या. "एवढा खटाटोप मोरीला पाजायला केलास?"

कप्तान पुढच्या महिन्यात घरी येतोय. नवरा माझा आहे इंजिनरूममध्ये, पण जहाजावर लागल्यापासून घरात त्याचं नाव कप्तानच. तो असला की बिअर तो करायचा, मी नुसती भांडी घासायची. या खेपेला दारातून आला की माझ्या हातची द्यायची. आधी सांगायचं नाही. पण करायचीच!

५ फेब्रुवारी

वाचून काढलं. माल्टचं – मोड आणून वाळवलेल्या सातूचं – पाणी खळखळून उकळलं पाहिजे, तेही झाकण काढून. मग तो मक्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. आणि आमची विजेची किटली – म्हणायला किटली, आहे पिंपाएवढी – नुसती कुरकुरते. कडेला चार बुडबुडे, मध्ये सामसूम. त्यालाच मी उकळी समजले. वर लवकर व्हावं म्हणून झाकणही ठेवलं. शहाणीच मी!

८ फेब्रुवारी

सुट्टी. नुसतं पाणी भरून प्रयोग. झाकण काढलं तर होती तीही उकळी बसली. घोडं पेंड खातंय कुठे? सहज एक्स्टेन्शनच्या वायरला हात लागला – गरम! म्हणजे निम्मी ताकद वायरच तापवतेय. किटली ओढत ओट्याशी आणली, ओव्हनच्या मोठ्या सॉकेटमध्ये थेट लावली. आई म्हणाल्या, "आणि मी पोळ्या कुठे लाटू? तुझ्या डोक्यावर?"

फरक पडला. पण पुरेसा नाही.

९ फेब्रुवारी

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. वाकून पाहिलं, चुकचुकला. "कॉइल गेली, मॅडम. बदला."

कॉइल गेली तर पाणी तापतं कसं?

"हळूहळू जाते ना ती."

माणूस भला, पण पटलं नाही. कॉइल बदलायची तर किटली पाठवावी लागणार, आणि ती परत येईपर्यंत कप्तानही येऊन पोचेल. नकोच.

११ फेब्रुवारी

प्लग काढून किटलीत डोकं घातलं. कॉइलवर करपलेला तपकिरी थर! मीच तो मागच्या वेळी तसाच ठेवला असणार. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घातली, मऊ ब्रशने घासली. नव्या भांड्यासारखी लखलखली. उकळी मात्र थोडीशीच वाढली. हट्टी आहे. बघू कोण जास्त हट्टी ते.

१२ फेब्रुवारी

कप्तानाचा फोन. मध्येमध्ये आवाज तुटत होता. "काय करतेस?" म्हटलं, काही नाही, आवराआवर. तोही गप्पगप्पच. "आलो की बोलू." दमला असेल.

१५ फेब्रुवारी

सापडलं! सापडलं!!

आज कशालाच हात लावला नाही. स्टूल घेतलं आणि किटलीसमोर ठाण मांडून बसले. तांबडा दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. उकळी फुटायच्या बेतात आली की किटली स्वतःच दम खाते! तापमान ठेवलेलं अठ्ठ्याण्णववर. त्याच्या जवळ गेली की ती आपणहून वीज तोडते. बिचारी सांगितलेलं काम इमानाने करतेय आणि मी तिलाच दोष देतेय.

तापमानाचं बटण सोडून पूर्ण ताकदीवर टाकली. दिवा विझेना. बाहेरून जुनी गोधडी गुंडाळली, बटणं आणि तळ मोकळे ठेवून. आणि मग – पाणी मधोमध उसळायला लागलं! आईंना हाक मारली. त्या चष्मा पुसत आल्या, आत डोकावल्या. "अगं बाई, ही तर तुझ्यासारखी भडकली!"

दोघी हसत सुटलो.

१६ फेब्रुवारी

आज खरा माल्ट. हॉप्सची कडू फुलं टाकली आणि फेस असा चढला की ओट्यावरून खाली. आई फडकं घेऊन धावल्या – "उतू नकोस, मातू नकोस, मेले!" मला की किटलीला, कोण जाणे. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या. गार करून पिंपात ओतलं, यीस्ट घातलं. आता वाट बघायची.

१७ फेब्रुवारी

पिंपातून बुडुक बुडुक. आई येता-जाता कान लावतात.

८ मार्च

बाटल्या भरल्या. चव घेतली. मका नाही!

२२ मार्च

एक बाटली गार करून फोडली. छान फेसाळली. आईंना बोटभर दिली. तोंड वाकडं केलं, म्हणाल्या, "कडू जहर!" आणि ग्लास पुढे केला. परवा कप्तान येतोय. झोप येत नाहीये आनंदाने.

२४ मार्च

आला. फार वाळलाय. गार ग्लास हातात दिला. बघत बसला. मग टेबलावर ठेवला. "मी सोडलीय गं. रोजची झाली होती. जहाजावरून उतरवणार होते मला. फोनवर सांगायला तोंड नव्हतं." आईंनी ग्लास उचलला, त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

सगळ्या बाटल्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन आले. जिन्यात थोडी रडले. मग आत जाऊन त्याच्या शेजारी बसले.