ताळा केला का गं?

सर, परवा काकूंनी फोन करून घरी बोलावलं. तुमचं कपाट आवरताना त्यांना माझा एम.ई.चा रिपोर्ट सापडला. "शेवटी शेवटी हाच उघडून बसायचे," म्हणाल्या. तेव्हापासून तो माझ्या टेबलावर पडून आहे आणि माझं कशात लक्ष नाही.

एईएस तेव्हा नवीनच आलेलं. मजकूर कुलूपबंद करायची रीत. लावायला आणि उघडायला किल्ली एकच, आणि मजकूर दहा फेऱ्यांत घुसळून काढायचा. ते चिपवर बसवायचे आपले दोन आराखडे होते. तुम्ही एका फेरीचं सर्किट एकदाच बांधलं होतं, मजकूर त्यातूनच दहादा फिरायचा. मी दहा सर्किटं ओळीने मांडली होती. नुसत्या वेगात मी पुढे असणारच होते. खरी चुरस होती ती व्यापलेल्या जागेच्या मानाने वेग किती, याची. कॉलेजबाहेरच्या रसवंतीत तुम्ही चरकाकडे बोट दाखवता, "बघ, आमच्या निफाडची अक्कल! चरक एकच, ऊस दुमडून परत घालायचा. तुझे दहा चरक मांडायला जागा काय तुझा बाप देणार हाय?" चरकाची घुंगरं वाजत असतात, मी हसते, आणि आतून जळत असते. मला तुम्हाला हरवायचंच होतं.

हरवलं. माझ्या तक्त्यात तुमचा आराखडा दोन्हीकडे मागे पडला. पण तुमचा मोजताना सॉफ्टवेअरमध्ये जुन्या, मंद चिपचा नंबर तसाच राहिला होता. माझा मोजला तो वेगवान चिपवर. एकाच चिपवर मोजले असते तर जागेच्या हिशेबात तुम्ही सहज जिंकला असता.

तुमचा नेम होता, कुठलाही आकडा ताळा केल्याशिवाय मानायचा नाही. "आधी ताळा, मग टाळं," म्हणायचात. त्या दुपारी लॅबमध्ये तुम्ही रिपोर्ट चाळलात, एका पानावर बराच वेळ थांबलात. मग चष्मा काढून विचारलंत, "ताळा केला का गं?"

"हो सर."

"नक्की?"

"हो."

तुम्ही सही केलीत. तुमच्या आराखड्यावरचा लेख, ज्यावर तुम्ही दोन वर्षं घालवली होती, तो मात्र कुठेच धाडला नाहीत. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. अंबडच्या ऑफिसात मी आजही कशावर सही करायला पेन उचललं की मागून तुमचा प्रश्न येतो. मी वळून बघते, सर. खरंच बघते.

परवा काकूंनी ते पान उघडून दाखवलं. चिपच्या नंबराभोवती पेन्सिलीचा गोल. "ह्यांनीच केलाय. काहीतरी चुकलेलं सापडलं असेल, पण तुला बोलले नाहीत. जीव होता तुझ्यावर." मी मान डोलावली आणि चहा संपवला.

हे पत्र त्याच पानात ठेवून रिपोर्ट माझ्या कपाटात टाकणार आहे. काकूंना काही सांगायचा धीर नाही. तो गोल तुमचा नाही, सर. रिपोर्ट द्यायच्या दिवशी सकाळी, चूक दिसली तेव्हा, मीच केला होता. तुमच्या हातात देण्याआधी पुसायचा राहिला.